मरोळची जुनी इगर्जी आणि तिची मंडळी

मुंबईच्या उपनगरांविषयीं सुशिक्षित कुटुंबांतही एक समज दृढ झालेला आढळतो. तो असा कीं, अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड हीं सर्व आगगाडीनें वसविलेलीं ठिकाणें. येथें घरें आहेत, दुकानें आहेत, कारखाने आहेत. परंतु इतिहास म्हणून कांहीं असेल तर तो पुण्यास, पैठणास, किंवा फार झालें तर वसईस. दुसरा समज याहूनही घट्ट. रस्त्यानें जातांना एखाद्या ख्रिस्ती देवालयाचा क्रूस दिसला कीं, 'इंग्रजांनीं बांधलेलें असेल' असें म्हणून मनुष्य पुढें चालूं लागतो. या दोन्ही समजांस एकाच जागीं उत्तर मिळावें असें स्थळ अंधेरीच्या पूर्वेस, मरोळ आणि कोंडिविटें या गांवांच्या परिसरांत आहे. त्याची ओळख आज आम्ही आमच्या वाचकांस करून देणार आहों.

हें स्थळ म्हणजे संत योहान बाप्तिस्ता याच्या नांवानें उभारलेली जुनी इगर्जी. जेझुइट संघाच्या पोर्तुगीज धर्मोपदेशकांनीं ती सन १५७९ मध्यें बांधली. नुसता सन मनावर ठसत नाहीं, म्हणून तो दोनचार परिचित सनांच्या शेजारीं ठेवून पाहूं. नाथांनीं काशी येथें आपलें भागवत पुरें केलें तें सन १५७३ मध्यें. म्हणजे कोंडिविट्यास ही इगर्जी उभी राहत होती त्या वेळीं एकनाथ महाराज हयात होते. लंडनची ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० सालीं. शिवछत्रपतींचा जन्म १६३० सालचा. मुंबई बेट इंग्लंडच्या राजास विवाहाच्या तहानें मिळालें तें १६६१ सालीं. तेव्हां इंग्रजांचा या भूमीवर पाय ठरण्यापूर्वीं ब्यायशीं वर्षें ही वास्तु येथें उभी होती.

या भागाचें जुनें नांव साष्टी. संस्कृत 'षट्षष्टि', म्हणजे सहासष्ट, या शब्दाचा हा अपभ्रंश होय. सहासष्ट गांवांचा प्रदेश तो साष्टी. याच नांवाचा एक महाल गोव्यांतही आहे, आणि त्याच्या नांवाची व्युत्पत्तिही हीच. दोन्ही साष्टींवर पुढें एकाच राजसत्तेचा अंमल आल्यामुळें जुने कागद वाचतांना कोणती साष्टी हें पाहूनच पुढें जावें लागतें. आपली ही मुंबईकडील साष्टी म्हणजे वांद्र्यापासून वसईच्या खाडीपर्यंतचें बेट. भाताचीं खाचरें, ताडांच्या रांगा, डोंगरांच्या कुशींतील लहान लहान पाडे, असें तिचें रूप शतकानुशतकें होतें. आज अंधेरी स्टेशनाच्या पूर्वेस उतरून महाकाली गुंफांचा रस्ता धरला, तर त्या रूपाची खूण शोधूनच काढावी लागते. घाटकोपरकडून येणाऱ्यांस सन २०१४ पासून मेट्रो गाडी मरोळ नाक्यास आणून सोडते, आणि सन २०२४ मध्यें भुयारांतून जाणारी दुसरी मेट्रोही तेथें येऊन मिळाली. प्रवास सोपा झाला आहे; पाहण्याची सवय मात्र ज्याची त्यानेंच लावून घ्यावयाची असते.

इगर्जीकडे वळण्यापूर्वीं वाटेवरील महाकाली गुंफा पाहाव्या, असा आमचा आग्रह आहे. कारण त्या पाहिल्याशिवाय इगर्जीची कथा अर्धीच कळते. काळ्या कातळांत खोदलेलीं एकोणीस लेणीं येथें आहेत. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून सनाच्या सहाव्या शतकापर्यंत त्यांचें खोदकाम होत राहिलें. नवव्या लेण्यांत स्तूपाभोंवतीं वर्तुळाकार दालन आहे, आणि त्याच्या भिंतीस दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. या चैत्याजवळ पाली भाषेंतील एक लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणानें आपल्या भावासह एका विहाराचें दान केलें, असा त्याचा आशय. हें वाचून आम्ही क्षणभर तेथेंच थबकलों. वेदपरंपरेंतील घरचा मनुष्य बौद्ध भिक्षूंस निवारा खोदवून देतो आणि आपलें गोत्रही तेथें अभिमानानें कोरवितो! पुढें भिक्षु गेले; त्यांच्या जपाचा ध्वनि थांबला; लेणीं मात्र राहिलीं, आणि आसपासच्या लोकांनीं त्यांस महाकालीचें नांव दिलें. एका उपासनास्थानाची मंडळी नाहींशी झाली आणि दगड मागें उरला, असा हा पहिला प्रकार. इगर्जीचा प्रकार याच्या उलट आहे.

सन १५३४ च्या तहानें गुजरातच्या बहादुरशहानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि साष्टी त्यांच्या हातीं गेली. राजसत्तेमागोमाग धर्मोपदेशक आले. हा प्रसार नुसत्या उपदेशानें झाला असें म्हणणें सत्यास सोडून होईल. बोरिवलीजवळ मंडपेश्वराचें शैव लेणें आहे. तेथें शिवाचीं शिल्पें असतां फ्रान्सिस्कन साधूंनीं त्याचेंच प्रार्थनामंदिर केलें, आणि एका भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आजही तेथें दिसतो. देवळें पडलीं, माणसें कधीं भयानें, कधीं आशेनें, कधीं खऱ्या श्रद्धेनें नव्या धर्मांत गेलीं. इतिहास झांकून ठेवल्यानें कोणाचेंच हित होत नाहीं. परंतु तो सांगतांना एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ज्यांनीं धर्म बदलला तीं माणसें परकीं नव्हतीं. तीं याच खाचरांत राबणारीं कुणबी, कोळी, भंडारी आणि इतर ज्ञातींचीं कुटुंबें होतीं; जमीन तीच राहिली, औत तेंच राहिलें, आणि घरांत बोलली जाणारी मराठीही तीच राहिली.

येथें एका योगायोगाचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. कोंडिविट्यास ही इगर्जी उभी राहिली त्याच १५७९ सालीं, ऑक्टोबर महिन्यांत, थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज तरुण गोव्यास उतरला. तोही याच जेझुइट संघाचा. त्यानें मुख्यत्वें गोव्याच्या साष्टीमध्यें काम केलें, मराठीचा अभ्यास केला, आणि ओंवी छंदांत 'क्रिस्तपुराण' रचिलें. तें सन १६१६ मध्यें प्रसिद्ध झालें. परदेशांतून आलेल्या मनुष्यास आपला देव येथील लोकांस समजावून सांगावयाचा तर ओंवीच हातीं घ्यावी लागली, हें आपल्या भाषेच्या सामर्थ्याचें केवढें प्रमाण आहे!

पुढें राजकारण पालटलें. सन १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि साष्टींत प्रवेश केला. सन १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई सर केली. पोर्तुगीज सत्ता गेली, तिचे अधिकारी गेले. सन १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांचेकडेच राहिली. दोन पिढ्यांत तीन राज्यें! परंतु कोंडिविट्याच्या ख्रिस्ती शेतकऱ्यानें पेरणी चुकविली नाहीं कीं प्रार्थना सोडली नाहीं. ज्या सत्तेनें इगर्जी बांधली ती सत्ता निघून गेल्यावर शंभर वर्षें तो तिच्यांत जात राहिला. तेव्हां ती इगर्जी आतां फिरंग्यांची उरली नव्हती. ती गांवाची झाली होती. राजानें दिलेली वस्तु प्रजेची केव्हां होते, याचें उत्तर राजा गेल्यावरच मिळतें.

या इगर्जीवर खरा घाला पडला तो शत्रूच्या हातून पडला नाहीं. सन १८४० मध्यें गांवांत रोगाची सांथ आली. आजच्या तरुण वाचकांस सांथ म्हणजे काय हें २०२० सालानें शिकविलें आहे. वृद्ध घरांत तर प्लेगच्या कथा अजून सांगितल्या जातात. सन १८९६ मध्यें मुंबईंत आणि पुढल्या वर्षीं पुण्यांत प्लेग आला तेव्हां लोक वाडे सोडून माळावर झोंपड्यांत राहिले, हें ज्यांनीं आजीच्या तोंडून ऐकलें असेल त्यांस गांव उठणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. कोंडिविट्याचे लोकही उठले. त्यांनीं जुनी जागा सोडली आणि मरोळास वस्ती केली. माळावर गेलेले पुणेकर परत आले. कोंडिविट्याच्या या लोकांचें जाणें मात्र कायमचें ठरलें.

जातांना त्यांनीं काय नेलें? आमच्या मतें या सर्व वृत्तांताचा गाभा येथें आहे. त्यांनीं इगर्जीतील वेदी नेली, खांब नेले, मूर्ति नेल्या, घंटा नेल्या, आणि बाप्तिस्म्याचें दगडी पात्र नेलें. मरोळास जें नवें देवालय उभें राहिलें त्यांत या वस्तु बसविल्या. त्या पात्राचा विचार मनांत येतांच आम्हांस त्या लोकांच्या बुद्धीचें कौतुक वाटलें. ख्रिस्ती कुटुंबांत मूल जन्मास आलें कीं या पात्रांतील जलानें त्याचा संस्कार होतो व त्याचें नांव ठेविलें जातें. म्हणजे आजा, बाप आणि नातू या तिघांस एकाच दगडाची साक्ष. भिंती नेतां येत नाहींत. परंतु पिढ्यांस जोडणारा दगड नेतां येतो, हें त्या सांथीनें गांजलेल्या शेतकऱ्यांस उमगलें होतें. आपल्याकडे घर बदलतांना प्रथम देव्हारा नेतात आणि मग भांडींकुंडीं, तें याच जाणिवेनें.

नवें देवालय संत योहानाच्याच नांवाचें आहे. मात्र हा योहान निराळा. जुना तो बाप्तिस्मा देणारा योहान, ज्याचा उत्सव २४ जूनला येतो. नवा तो शुभवर्तमान लिहिणारा योहान. नांव तेंच, आणि संत दुसरा. एकाच नांवाचे दोन पुरुष एका कुळांत व्हावे तसें हें दिसतें.

आतां थोडा शब्दांचा विचार करूं. शाळेंत आयुष्य गेल्यामुळें तो मोह आम्हांस आवरत नाहीं. 'देऊळ' हा शब्द 'देवकुल' या संस्कृत शब्दापासून आला. देवाचें घर तें देऊळ. इंग्रजी 'चर्च' या शब्दाचें मूळही असेंच आहे. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'प्रभूचें' असा होतो, म्हणजे पुन्हा घरच. परंतु पोर्तुगीज 'इग्रेजा', ज्याचें आपण 'इगर्जी' केलें, त्याचें मूळ ग्रीक 'एक्लेसिया' यांत आहे, आणि त्याचा अर्थ 'बोलावून जमविलेली सभा' असा आहे. मराठी बायबलांत याच शब्दासाठीं 'मंडळी' हा शब्द योजिला आहे. म्हणजे एकाच वस्तूस एक शब्द घर म्हणतो, आणि दुसरा शब्द माणसें म्हणतो. यांत खरें कोणतें?

मुंबईंतील दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या इतिहासानें या प्रश्नावर चांगला प्रकाश पडतो. इंग्लंडांत जॉन वेस्ली यानें अठराव्या शतकांत चालविलेला मेथॉडिस्ट पंथ विल्यम टेलर या अमेरिकन उपदेशकाबरोबर सन १८७१ मध्यें मुंबईस आला. त्या वेळीं त्यांजपाशीं स्वतःची इमारत नव्हती. टेलर यानें लोकांच्या घरींच लहान लहान बंधुमंडळें जमविलीं. त्यास जॉर्ज बोवेन हा येऊन मिळाला. हा सन १८४८ पासून मुंबईंत राहत होता. मिशनचा पगार नाकारून तो देशी वस्तींत साधेपणानें राहिला, आणि सन १८८८ मध्यें मुंबईंतच वारला. पुढें त्याच्या स्मरणार्थ अपोलो बंदराजवळ देवालय झालें. म्हणजे तेथें प्रथम माणसें, मग दगड. मरोळास प्रथम दगड, मग माणसें, आणि शेवटीं दगड सोडून पुन्हा माणसें. दोन्ही वाटा एकाच ठिकाणीं पोंचतात. उपासनेचें घर माणसांच्या जमण्यानें जिवंत राहतें. जमणें थांबलें कीं तें लेणें होतें.

परंतु एवढ्यावर थांबून 'माणसें वांचलीं, दगडाचें काय मोठेंसें' असें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. जुन्या इगर्जीचें पुढें काय झालें तें ऐकावें. छप्पर गेलें, दर्शनी भिंत आणि कमानी उभ्या राहिल्या, भिंतींच्या सांध्यांत झाडांनीं मुळें रोविलीं. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ ती अशी रानांत उभी होती. पुढें भोंवतालची जमीन सरकारनें उद्योगांसाठीं घेतली, आणि सन १९७३ मध्यें तेथें 'सीप्झ', म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात क्षेत्र, स्थापन झालें. प्रथम विद्युत्‌यंत्रें, आणि सन १९८७-८८ पासून रत्नें व दागिने यांचे कारखाने तेथें चालूं लागले. परदेशीं जाणाऱ्या मालाचें तें क्षेत्र. अर्थात् सभोंवतीं कुंपण, दारावर पहारा, आणि परवान्यावांचून प्रवेश नाहीं. त्या कुंपणाच्या आंत ही चार शतकांची वास्तु राहिली. हिरे पारखणाऱ्यांच्या शेजारीं एक न पारखलेलें रत्न पडलेलें आहे, असें कोणी म्हटल्यास त्यांत अतिशयोक्ति होणार नाहीं.

मरोळच्या लोकांनीं मात्र जुनी जागा विसरली नाहीं. वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, आंत जाण्याची मुभा त्यांस मिळूं लागली. त्या दिवशीं त्या उघड्या आभाळाखालीं प्रार्थना होते. आमच्या वाचकांपैकीं कितीतरी घरांचें मूळ गांव कोंकणांत किंवा देशावर आहे. घर बंद, अंगणांत गवत. परंतु वर्षांतून एकदां कुलदैवतास जाऊन यावयाचें, ओटी भरावयाची, मुलांस 'येथें आपला वाडा होता' म्हणून दाखवावयाचें. मरोळकरांचा तो एक दिवस याच जातीचा आहे. फरक इतकाच कीं, आपल्या दैवतास जातांना आपणांस कोणाचा परवाना मागावा लागत नाहीं.

या लोकांस आज 'ईस्ट इंडियन' म्हणतात. नांव ऐकून ते कोणी परदेशस्थ असावे असें वाटतें. पण खरें पाहतां ते येथील मूळचे रहिवासी आहेत. गोवा व मंगळूर येथून नोकरीसाठीं आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं सन १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, कंपनी सरकारच्या नांवावरून हें नांव घेतलें. नांव इंग्रजी, घर मात्र मराठी. त्यांच्या लग्नांत 'उंबराचें पाणी' हा विधि असतो. विहिरीचें पाणी वाजतगाजत, गाणीं म्हणत आणावयाचें आणि त्यानें वराचें व वधूचें स्नान व्हावयाचें. ऑक्टोबर महिन्यांत 'आगेरा' येतो. नव्या भाताच्या लोंब्या देवालयांत नेऊन त्यांवर आशीर्वाद मागतात. आपल्याकडे नवान्न झाल्याशिवाय नवें धान्य खात नाहींत, त्याचीच ही बहीण. वर्षभराचा मसाला उन्हाळ्यांत कुटून बाटल्यांत भरून ठेवण्याची त्यांच्या बायकांची रीत तर प्रसिद्धच आहे. खाचरें गेलीं, त्यांवर इमारती उठल्या. तरी आगेरा चालूच आहे. भात दुसरीकडून आणावें लागतें, परंतु कृतज्ञता घरचीच असते.

आज या गांवठाणांची अवस्था कठीण आहे. अरुंद गल्ल्या, कौलारू घरें, दारापुढील ओटा आणि कोपऱ्यावरील क्रूस, हें सारें उंच इमारतींच्या मधोमध चिमटीत सांपडल्यासारखें दिसतें. घर विकून दूर जाणारीं कुटुंबें वाढलीं, तर १८४० मध्यें सांथीनें जें एकदां झालें तेंच पैशानें पुन्हा होईल. आणि त्या वेळीं एकत्र उठून एकत्र वसण्याइतकी जागा या शहरांत उरलेली नसेल. मंडळी पांगली तर पात्र, घंटा, खांब हें सारें असूनही मरोळचें देवालय पुन्हा दगडच होईल. आम्हांस खरी काळजी वाटते ती याची.

यांत आपण काय करावें, असें कोणी विचारील. शेजाऱ्याच्या वारशाचा मान राखणें हें पहिलें कर्तव्य. गौतम गोत्राच्या त्या ब्राह्मणानें दोन सहस्र वर्षांपूर्वीं परक्या पंथाच्या भिक्षूंसाठीं विहार दिला. आपणांकडे कोणी विहार मागत नाहीं, केवळ जाणून घेण्याची इच्छा मागितली जाते. जुन्या वास्तूंची डागडुजी सरकारानें करावी, कुंपणाच्या आंतील भिंतींस आधार द्यावा, त्यांवरील झाडें जाणत्या हातांनीं काढावीं, हें मागण्याचा अधिकार केवळ ख्रिस्ती मनुष्याचा नाहीं; साष्टींत राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. आणि घरांतील मुलांस सुटीच्या दिवशीं दूरचे किल्ले दाखवावे, तसें एखादे दिवशीं मरोळासही न्यावें.

जाणारांनीं सकाळीं निघावें. प्रथम महाकालीचीं लेणीं पाहावीं. तेथें दगड आहे, मंडळी नाहीं. मग सीप्झच्या बाजूनें जातांना, आंत जातां आलें नाहीं तरी, त्या कुंपणामागें काय उभें आहे हें मुलांस सांगावें. शेवटीं मरोळच्या देवालयांत, प्रार्थना चालू नसेल अशा वेळीं, अनुज्ञा घेऊन जावें आणि तें बाप्तिस्म्याचें पात्र कोठें आहे हें तेथील एखाद्या वृद्धास मराठींतच विचारावें. उत्तर मराठींतच मिळेल.